गावपळणीत न प्यायलेलं पाणी

"काकी, तुमच्या दोन्ही किडन्यांचं काम जवळजवळ थांबलंय," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळचे सव्वासहा. एवढं मोठं काहीतरी सांगतायत तर निदान वेळ तरी लक्षात ठेवूया, असं डोक्यात आलं असावं.

कुडाळातलं एक हॉस्पिटल. हाताला सलाइन, उशाशी माझी मुलगी पूर्वा, पायथ्याशी आमचे हे. डॉक्टर पूर्वाच्याच वयाचे. त्यांनी कागद आमच्याकडे वळवला. "क्रिएटिनिन चार पॉइंट दोन आहे. बायकांचं साधारण एकच्या आसपास असायला हवं." क्रिएटिनिन म्हणजे शरीरातला कचरा. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थांबली की तो रक्तातच साचतो. माझ्या आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, अक्यूट किडनी इंज्युरी. म्हणजे किडनीला अचानक बसलेला दणका.

"कशामुळे?" पूर्वाने विचारलं.

"पाण्यामुळे. म्हणजे पाणी नसल्यामुळे. यांच्या अंगात पाणीच शिल्लक नाहीये."

मी मनात म्हटलं, मेलंय मी. आता माझा दादा होणार.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, दोडामार्गाकडचा. साखरेने त्याच्या किडन्या गेल्या आणि चार वर्षं तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता. डायलिसिस म्हणजे अंगातलं रक्त नळीने बाहेर काढून मशीनमध्ये धुऊन परत आत सोडायचं. त्याला दिवसाला एकच बाटली पाण्याची परवानगी होती. बाटलीवर पेनाने रेघा मारलेल्या असत, दुपारपर्यंत इथपर्यंत, संध्याकाळपर्यंत इथपर्यंत. एप्रिलमध्ये तो बर्फाचा खडा तोंडात धरून पडवीत बसायचा आणि आमच्या हातातल्या तांब्याकडे बघायचा. ती नजर मी विसरू शकत नाही. शेवटी तो गेला. त्यामुळे 'किडनी' हा शब्द ऐकल्यावर मला कसं वाटलं ते तुम्हीच समजा.

आता मी कोण ते सांगते. मी शालन, मालवण तालुक्यातल्या एका गावात सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मुलाला जुलाब झाले तर काय करावं हे मी शेकडो आयांना शिकवलंय. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही म्हण माझ्यासाठीच कोणीतरी करून ठेवली असणार.

आमच्या गावात काही वर्षांनी गावपळण असते. देवाने कौल दिला की अख्खा गाव घराला कड्या घालून शिवेबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू ठेवायचं नाही. शिवेपलीकडे झापांच्या राहुट्या घालायच्या, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या झोपड्या, आणि तिथेच रांधायचं, भजनं म्हणायची, फुगड्या घालायच्या. चौथ्या दिवशी देव परत कौल देतो, मग घरी. मुंबईची माणसं खास रजा काढून येतात. मला विचाराल तर दिवाळीपेक्षा मला गावपळण आवडते. आजही आवडते, उगाच कोणी गैरसमज करून घेऊ नका.

सामानाची यादी आमच्या वाडीत नेहमी मीच करते. चूल, टोप, मीठ, चटया, घासलेटच्या बत्तीपासून लिंबांपर्यंत. भजनाचा मांडव कुठे, गुरं कुठे बांधायची, सगळं ठरलेलं. बायकांनी जायचं कुठे, हे मात्र यादीत कधीच नव्हतं. का असेल? नदीकाठी काजूची रानं होती, पहाटे अंधारात पाचजणी मिळून जाऊन यायच्या. दिवसा अगदीच वेळ आली तर लांब रानात. असंच चालत आलेलं.

यावेळी तिथे पोचले आणि बघते तर काय, काजूचं रान साफ! मालकाने झाडं तोडून तारेचं कुंपण घातलेलं. चहूबाजूंनी उघडं माळरान, वरच्या अंगाला रस्ता आणि रस्त्यावर गाड्या. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "आता पाणीच पियाचा नाय," कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, मी सर्वांत मोठ्याने. आणि मी ते खरं करून दाखवलं.

पहिल्या दिवशी सकाळच्या चहानंतर मी एक पेलाभर पाणी प्यायले असेन. डोक्यावर ऊन, समोर तीन दगडांची चूल, पन्नास माणसांचं जेवण. घसा सुकला की एक घोट तोंडात फिरवून थुंकायचे. वर माझी कंबर आठवडाभर धरलेली, तयारीत टोप उचलून उचलून. त्याला रोज दोन दुखण्याच्या गोळ्या चालूच होत्या. बीपीची गोळी होतीच. शहाणपणा बघा, पाणी विसरले पण गोळी एकही चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून जुलाब लागले. दुपारपर्यंत चार वेळा. कशी गेले आणि कुठे गेले ते विचारू नका. भर उन्हात दूरच्या बांधापर्यंत पळत जायचं, हातातला डबा पदराखाली लपवायचा, वाटेत कोणी भेटलं की "सुकी लाकडां बघूक गेलंय" म्हणायचं. घरात हे कोणालाच सांगितलं नाही. माझ्या पिशवीत ओआरएसची आठ पाकिटं होती, पोरांसाठी आणलेली. एकही फोडलं नाही. प्यायले तर परत जावं लागणार, हा एकच हिशोब. त्या दिवशी दुपारी बाराला शेवटची लघवी झाली आणि खरं सांगते, नंतर लागलीच नाही तेव्हा मला बरंच वाटलं. सुटले, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या. उभी राहिले की डोळ्यांपुढे काळोख. आमचे हे गुरं घेऊन गेलेले, म्हणून थोरल्या दिरांनी मला आपल्या रिक्षात घातलं आणि पलीकडच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. भावोजी म्हणजे देवस्थानचे मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं तेच घालतात. तीस वर्षांत मी त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही की आवाज चढवला नाही. दवाखान्याची खोली एवढीशी, भावोजी माझ्या खुर्चीमागे उभे.

डॉक्टरांनी विचारलं, "जुलाब वगैरे?"

"नाही."

"लघवी व्यवस्थित होतेय?"

मी खाली बघून म्हटलं, "हो. सकाळी झाली होती."

एवढंच खोटं. त्या डॉक्टरांचा काही दोष नाही, मी जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. पित्त असेल म्हणाले, उलटीचं इंजेक्शन दिलं. आणि मी परत येऊन चुलीपाशी बसले. चार वाजता तिथेच कोसळले. उकळत्या टोपाच्या बाजूला पडले, टोपात नाही, ही देवाचीच कृपा.

हॉस्पिटलात पूर्वाने आधी घरच्या पुरुषांना बाहेर काढलं आणि मग मला म्हणाली, "आई, आता खरा सांग." तेव्हा सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत गेले, त्यांचं तोंड गंभीर होत गेलं. माझ्या बीपीच्या गोळीतच लघवी जास्त करणारं औषध होतं, म्हणजे गोळी पाणी बाहेर काढत होती. जुलाबही पाणी काढत होते. आत काही येत नव्हतं. आणि अशा कोरड्या अंगावर मी दुखण्याच्या गोळ्या घेत होते. "यातली एखादी गोष्ट किडनीने सोसली असती," डॉक्टर म्हणाले, "सगळ्या एकदम नाही सोसल्या."

लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे रबरी नळी घातली. पिशवीत आली ती जेमतेम अर्धी वाटी. रंग कोऱ्या चहाचा.

आमचे हे परत आत आले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "जुना रिपोर्ट आहे? हे आत्ताच झालंय की किडनी आधीपासूनच खराब होती, ते कळेल. आत्ताच झालं असेल तर भरून येण्याची शक्यता चांगली असते. जुनं असेल तर..." पुढचं ते बोलले नाहीत. ते पुढचं मला तोंडपाठ होतं. मी चार वर्षं ते बघितलेलं.

जुन्या तपासण्यांची फाइल घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर. घर गावात. गावात कोणी पाऊल टाकायचं नाही.

आमचे हे उठून उभे राहिले. "मी जातंय. दोन मिनटांचा काम."

"अवो, अजून कौल होवक नाय," मी म्हटलं. बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती.

"देव माका विचारीत तर मी सांगान तेका काय ता." ह्या माणसाने जन्मात देवळाच्या पायरीला हात लावल्याशिवाय शेताला पाणी सोडलेलं नाही. तेवढ्यात डॉक्टरच म्हणाले, "काका, थांबा. सकाळी सोनोग्राफी करू, त्यातूनही अंदाज येतो." मग हे खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. तीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी जास्तच घाबरले.

सकाळी सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्यांचा आकार नीट होता. जुना आजार असता तर बहुतेक आकसलेल्या दिसल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. जरा जीवात जीव आला. पण पिशवी रिकामीच. सिस्टर दर तासाला वाकून बघायची आणि वहीत लिहायची. मी तिच्या पेनाकडे बघायचे. ती फार काही लिहीत नसे.

साडेअकराच्या सुमारास भावोजी आले. फाइलीचं ह्यांनी त्यांना रात्रीच फोनवर सांगितलं होतं. कौल झाला होता, गाव परतत होता. रिवाज असा की आधी देऊळ उघडायचं, दिवा लावायचा, मग आपापली घरं. भावोजींनी देवळात दिवा लावला आणि स्वतःचं घर न उघडता थेट आमचं उघडलं, फाइल काढली आणि आले. कपाळावर देवाचा अंगारा, पायाला लाल धूळ. मागच्या वर्षीचं क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ होतं. डॉक्टरांनी मान हलवली. "चांगलं आहे. म्हणजे सगळं नवीनच आहे."

डॉक्टर गेले. भावोजी पिशवीकडे बघत उभे राहिले. मग खोकले, आणि म्हणाले, "शालन, लघवी झाली काय गो?"

अख्ख्या जन्मात असा प्रश्न या माणसाच्या तोंडून मला ऐकायला लागेल असं कधी वाटलं नव्हतं. मी पदर शोधायला लागले. हॉस्पिटलच्या गाउनला कसला आलाय पदर!

"नाय भावोजी," मी म्हटलं. "परवापासून नाय. काल त्या डॉक्टरांका मी खोटा सांगलंय. तुमी मागे उभे होतात. माका लाज वाटली."

ते म्हणाले, "माझ्या आवशीचा दोन वर्सा हगणा-मुतणा कोणी काढल्यान? तूच मां? आणि तू माका लाजतंस?" आवस म्हणजे माझ्या सासूबाई. एवढं बोलून ते तडक बाहेर गेले. मी उशीत तोंड खुपसून रडले.

त्या संध्याकाळी पाणी बंद झालं. आधीच्या रात्रभर सलाइन भराभर दिलं होतं, अंगात पाणी पुरेसं गेलं, पण किडनी अजून ते बाहेर टाकत नव्हती. पावलं सुजली. आणखी पाणी दिलं तर ते फुप्फुसात साचेल, असं डॉक्टर म्हणाले. दोन-दोन तासांनी अर्धा कप, बस. घसा असा जळत होता की काय सांगू. पूर्वा पाण्याची बाटली कॉटखाली लपवून ठेवायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचे आणि एकदम लक्षात आलं, मी दादासारखीच बघतेय. तीच नजर. नदीकाठी तीन दिवस घागरी भरून पाणी ठेवलेलं, तेव्हा थुंकत होते. आता अर्ध्या कपासाठी पोरीपुढे हात जोडत होते. त्या रात्री मी खरोखर मरणाला भ्याले. देवा, एवढ्या वेळेला सोड, असं किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही.

पाचव्या दिवशी पोटॅशियम वाढलं. पोटॅशियम हा रक्तातला क्षार. तो फार वाढला तर हृदय बंद पडू शकतं. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. "एकदाच लागेल की पुन्हा?" पूर्वाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता सांगता येणार नाही." मला खोटी आशा दाखवली नाही म्हणून मी आज त्यांचे आभार मानते. तेव्हा मात्र त्यांचा राग आला होता.

मानेत जाड नळी घातली. ते मशीन मी ओळखत होते, तोच आवाज, तशीच खुर्ची. दादाला नेऊन बसवायचे तेव्हा बाहेर बाकावर बसून मी शेंगदाणे खायचे. आता आत मी आणि बाहेर माझी पोर. चार तास डोळे मिटून पडले होते. माझंच रक्त नळीतून फिरताना बघायची हिंमत झाली नाही.

त्याच दिवशी गावात काय झालं ते मला मागाहून कळलं. गाव परतल्यानंतरच्या पूजेला सगळे देवळात जमले होते. भावोजींनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागणीनंतर जमलेले लोक "होय महाराजा" म्हणतात. पावसाचं, पिकाचं, चाकरमान्यांचं सगळं मागून झाल्यावर भावोजींनी आवाज चढवून म्हटलं, "आणि आमच्या शालनीक मोकळी लघवी होवंदे रे महाराजा!" भर देवळात. बायका-पोरांदेखत. आणि अख्ख्या गावाने म्हटलं, "होय महाराजा!"

जी गोष्ट मी पदराखालच्या डब्यात लपवली होती, ती आता गावाचं गाऱ्हाणं झाली होती.

सहाव्या दिवशी पहाटे सिस्टर वाकली, सरळ झाली, परत वाकली. "मावशी, दीडशे एमएल आहे." माझा विश्वास बसेना. दुपारपर्यंत चारशे. हे बाहेरच्या जिन्यात उभे राहून फोनवर ओरडत होते, "चारशे! अरे होय, चारशे! पिवळी आसा, पिवळी!" खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी दोन लिटरच्या वर गेली. डायलिसिस परत लागलं नाही. मानेतली नळी काढली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काकी, नशीब चांगलं तुमचं. सगळ्यांचं असं होत नाही." मला माहीत होतं, सगळ्यांचं असं होत नाही.

दहाव्या दिवशी घरी आले. महिन्याने क्रिएटिनिन एक पॉइंट एकवर आलं. भीती मात्र पूर्ण गेलेली नाही. अजून तपासणीचा कागद हातात घेताना बोटं गार पडतात. तहान न लागता चार तास गेले तर दचकते.

बायांनो, हे सगळं तुमच्यासाठी लिहिलं. लग्नात, जत्रेत, एसटीत, शेतात आपण सगळ्याच हे करतो. जायला जागा नाही, म्हणून पाणी नको. लघवीचा रंग बघायला शिका, गडद झाली की अंग पाणी मागतंय. जुलाब-उलट्या चालू असताना दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, आणि बीपीची गोळी त्या दिवसांत घ्यायची की थांबवायची ते डॉक्टरांना फोन करून विचारा. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांनाच विचारा, शेजारणीला नको. आणि डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. मागे कोणी उभं असेल तर "जरा भायर थांबा" म्हणा. या तीन शब्दांनी माझं डायलिसिस टळलं असतं.

गेल्या महिन्यात देवळात गावकीची सभा होती. पुढच्या गावपळणीची जागा बदलायची, एवढाच विषय. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे खांबांना टेकून. भजनाच्या मांडवावर अर्धा तास बोलणं झालं, गुरांच्या पाण्यावर अर्धा तास. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, दोन घोट प्यायले आणि उठले.

"पयलो बायकांचो आडोसो," मी मोठ्याने म्हटलं. "पाणी आणि बादली धरून. ता झाल्याबिगर मी चूल पेटवूची नाय. आणि मी नाय पेटवलंय तर कोण जेवता ता बघतंय."

सगळ्या माना भावोजींकडे वळल्या. त्यांनी लिहिणाऱ्याला खूण केली, "पयला तां लिवा," आणि मग हात जोडून, गाऱ्हाण्याच्याच आवाजात म्हणाले, "होय महाराजा."

माझ्या मागून सगळ्या बायका म्हणाल्या, "होय महाराजा!"